सील बदलूनही शॉकअप गळतोच? पल्सर १५० ला ३७ मिमीचा पुढचा सेट बसवल्यानंतरची दुखणी

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. बजाज पल्सर १५० ला पल्सर १८० चे किंवा २२० चे जाड पुढचे शॉकअप बसवले, गाडी पुढून भरदार दिसायला लागली, काही दिवस सगळं छान. मग एका बाजूच्या पाइपवर, म्हणजे शॉकअपच्या वरच्या चकचकीत नळीवर, तेलाचं कडं दिसतं. त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो आणि थोड्याच दिवसांत ओघळ बॉटमवरून (पाइपवर सरकणाऱ्या खालच्या जाड नळीवरून) खाली डिस्कच्या अंगाला पोचतो. सील, म्हणजे बॉटमच्या तोंडाशी तेल अडवणारी रबरी कडी, बदललं जातं. परत तेच, आणि परत त्याच बाजूला. मग ‘मागच्या वेळी लोकल सील पडलं होतं, आता कंपनीचं टाकू’, मग ‘तेल जरा जाड टाकून बघू’, मग ‘पाइपच बदलू’. दर वेळी मजुरी जाते आणि गळती जिथल्या तिथे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सील गळतं कारण पाइप त्याला एका अंगानं दाबतो. आणि पाइप एका अंगानं दाबतो कारण दोन्ही शॉकअप एकमेकांना समांतर राहिलेले नाहीत. हे एवढं जोवर तपासलं जात नाही, तोवर कितीही भारी सील टाका, ते तेवढेच दिवस टिकणार. खाली जे लिहितोय ते बहुतेक सगळं हे समांतरपण कसं बिघडतं, कसं ओळखायचं आणि कसं सरळ करायचं याबद्दल आहे. हँडल फडफडणं, ब्रेक स्पंजासारखा लागणं वगैरे बाकीच्या तक्रारी शेवटाकडे थोडक्यात घेतल्या आहेत.

कंपनीनंही केलंय, मग आपण का नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. पल्सर २००१ साली आली. साध्या १५० ला बरीच वर्षं ३१ मिमी व्यासाचे पाइप राहिले. १८० ला २००९ मध्ये २२० वाले ३७ मिमीचे पाइप मिळाले. पुढे २०१८ मध्ये १५० ची दोन डिस्कवाली गाडी आली, तिला कंपनीनंच ३७ चे शॉकअप दिले. साहजिकच लोकांनी गणित मांडलं की १५० ची फ्रेम हे शॉकअप पेलते, म्हणजे जुन्या १५० लाही सरळ बसतील.

फ्रेम पेलते, खरंच. पण कंपनीनं त्या गाडीत काय काय बदललं ते बघा. पुढची डिस्क २४० ची २६० मिमी झाली, पुढचा टायर ८०/१००-१७ चा ९०/९०-१७ झाला, मागचा टायर रुंद झाला, मागचं चाक धरणारा चिमटा लांब झाला, दोन चाकांमधलं अंतर १३२० वरून १३४५ मिमीवर गेलं. पुढच्या बाजूला टी (दोन्ही पाइप खालून धरणारा, फ्रेममध्ये फिरणारा भाग), वरची प्लेट, चाक आणि मडगार्ड हे सगळं एकमेकांच्या मापाचं आलं. आपल्याकडे गॅरेजमध्ये येतो तो अर्धा सेट. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला फिरून कुणी दोन शॉकअप आणतो, टी मिळाली तर नशीब, चाक ‘आपलंच चालेल’. उरलेलं लेथवाल्याच्या भरवशावर.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी लक्षात घेत नाही. पाइपच्या भिंतीची जाडी तेवढीच धरली, तर त्याचा ताठपणा साधारण व्यासाच्या घनाच्या हिशेबानं वाढतो. ३१ वरून ३७ म्हणजे जवळपास १.७ पट. ब्रेक मारल्यावर पुढचा भाग कमी लवतो, वळणावर गाडी नेमकी वाटते, ते याचमुळे. पण याचीच दुसरी बाजू अशी की ३१ चा पाइप जोडणीतली मिलिमीटरभर चूक थोडा लवून पोटात घालतो. ३७ चा घालत नाही. तो सगळा ताण बुशवर (पाइप आणि बॉटमच्या मधल्या घासणाऱ्या कडीवर) आणि सीलवर ढकलतो. म्हणून ‘जुन्या शॉकअपला असंच बसवलं होतं, कधी गळलं नाही’ हे म्हणणं खरं असलं तरी इथे उपयोगाचं नाही.

अर्धा सेट बसवण्याचे प्रकार

सगळ्यात वाईट म्हणजे ३१ ची टी लेथवर बोअर करून तिच्यात ३७ चा पाइप घालणं. व्यासात ६ मिमी वाढवायचे म्हणजे चारी बाजूंनी ३-३ मिमी धातू काढायचा, तोही नेमका क्लॅम्पच्या बोल्टजवळचा. गाडीचं सगळं पुढचं वजन, वर ब्रेकचा जोर, त्या पातळ उरलेल्या कडीवर. शिवाय बोअर मोठं केलं तरी दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर ३१ च्या सेटचंच राहतं, आणि बाकीचं सामान ३७ च्या सेटचं. हे काम कुणी करून देतो म्हणाला तर दुसरीकडे जा. यावर चर्चा नको.

त्याहून पुष्कळ बरा प्रकार म्हणजे शॉकअप, टी आणि वरची प्लेट तिन्ही ३७ ची, पण चाक आणि एक्सल (चाकाचा आस) जुनं. नव्वद टक्के गळती इथली. जुना हब (चाकाचा मधला भाग) अरुंद किंवा रुंद पडतो आणि मधली फट स्पेसरनं भरली जाते. तो स्पेसर डोळ्याच्या अंदाजानं काढलेला असतो, किंवा वॉशरची चळत असते.

तिसरा प्रकार फसवा. चाकासकट सगळा सेट ३७ चा, फक्त मडगार्ड जुनं, कारण रंग मॅच होतो. मडगार्डचं लोखंडी ब्रॅकेट दोन्ही बॉटमना धरून बसतं. ते दोन-तीन मिमी अरुंद असेल तर बोल्ट घट्ट करताना दोन्ही तंगड्या, म्हणजे दोन्ही शॉकअप, आत ओढल्या जातात. स्पेसर अगदी बरोबर असूनही सील खाल्लं जातं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही की हा उद्योग मडगार्डचा आहे.

आणि चौथा, दोन शॉकअप दोन वेगवेगळ्या गाड्यांचे. बाहेरून जुळे दिसतात, आत एकाची स्प्रिंग थकलेली, एकाचा पाइप थोडा आखूड. दोन्ही पाइप शेजारी उभे करून लांबी मोजली की कळतं. मोजतच नाहीत ही अडचण.

पाइपवरची चमक वाचा

हत्यार उचलण्याआधी पाइप कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा आणि उन्हात किंवा टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा. वापरलेल्या पाइपवर घासल्याच्या उभ्या खुणा असतातच. पुढच्या आणि मागच्या बाजूला असतील तर ते ब्रेकिंगचं नेहमीचं घर्षण आहे, त्याची काळजी नको. बाजूच्या खुणा महत्त्वाच्या.

खुणा चाकाकडच्या अंगाला असतील तर खाली तंगड्या आत ओढल्या गेल्यात. म्हणजे स्पेसर कमी पडतोय किंवा मडगार्ड ओढतंय. यात सीलचा ओठ चाकाकडच्या अंगाला चेंगरतो आणि बाहेरच्या अंगाला सैल पडतो, त्यामुळे तेल बहुतेक बाहेरच्या बाजूनं सुटलेलं दिसतं. खुणा बाहेरच्या अंगाला असतील तर उलट. तंगड्या फाकल्यात, स्पेसर जास्त आहे, आणि तेल चाकाकडच्या बाजूनं येतं. पहिल्यांदा हे उलटसुलट वाटतं, कारण खाली आत ओढलं तर वर बाहेर घासेल असं मनात येतं. पण बॉटम हा पाइपच्या खालच्या टोकावर तरफेसारखा फिरतो. बॉटमचं खालचं तोंड आत गेलं की वरचं तोंड बाहेर जायला बघतं आणि त्याची चाकाकडची भिंत पाइपला लागते.

दोन्ही बाजूंना सारखाच ताण असूनही एकच बाजू का गळते, हेही विचारलं जातं. ज्या बाजूचा बुश जास्त झिजलेला असेल ती आधी हरते. जुन्या बाजारातल्या मालात दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या क्वचितच मिळतात. दुसरी बाजूही पुढेमागे गळणारच असते.

ढिलं करून बघणे

गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक देऊन पुढचं चाक अधांतरी करा. आधी मडगार्डचे बोल्ट ढिले करा. ढिले होताच ब्रॅकेट आणि बॉटम यांच्यात फट पडली, किंवा बोल्ट परत हातानं लागेना, तर मडगार्ड दोषी. ब्रॅकेटची भोकं लांबट करून घ्या किंवा ३७ च्या सेटचं ब्रॅकेट आणा. विषय इथेच संपू शकतो.

तिथे काही नाही सापडलं तर एक्सलचा नट. बॉटमवर आणि स्पेसरच्या कडेवर मार्करनं एक रेघ मारा आणि नट हळूहळू सोडा. नट सुटता सुटता तंगडी टक्कन बाजूला सरकली, स्पेसर आणि बॉटममध्ये फट दिसायला लागली, तर उत्तर मिळालं. नट घट्ट करताना तो त्या तंगडीला तेवढं खेचत होता.

मग एक्सल काढा, चाक बाजूला ठेवा आणि नुसतं एक्सल दोन्ही बॉटममधून आरपार घालून बघा. स्वच्छ, किंचित ग्रीस लावलेलं एक्सल बोटांनी ढकलून गेलं पाहिजे. हातोडीची गरज पडली तर एक बॉटम दुसऱ्याच्या पुढे-मागे किंवा वर-खाली आहे. वर-खाली असेल तर टी मधले बोल्ट सोडून दोन्ही पाइपची वरची टोकं प्लेटपासून सारख्या उंचीवर आणा. पुढे-मागे असेल तर टी पिळलेली असू शकते. ती तपासायला जाड काचेचा सपाट तुकडा पुरतो. टी च्या खाली दोन्ही पाइपवर तो आडवा टेकवा आणि चारी कोपरे बोटानं दाबा. काच एका कोपऱ्यात डुगडुगली तर दोन्ही पाइप एका पातळीत नाहीत. पुष्कळदा वरचे-खालचे क्लॅम्प ढिले करून चाक भिंतीला टेकवून हँडल हलकं पिळलं की सरळ होतं. नाही झालं तर टी आपटलेली आहे, ती बदला. टी गरम करून ठोकून सरळ करणारे आहेत. मी असली टी स्वतःच्या गाडीला लावणार नाही.

स्पेसरचं माप

आता मुख्य काम. मडगार्ड आणि चाक काढलेलंच आहे. टी चे बोल्ट त्यांच्या मापानं घट्ट, एक्सल दोन्ही बॉटममधून आरपार, पण नट नाही. आता दोन्ही बॉटमच्या आतल्या तोंडांमधलं अंतर मोजायचं, जिथे स्पेसर टेकतात तिथे. बॉटमना बुशातल्या सैलपणामुळे थोडी मोकळीक असते, म्हणून आधी दोन्ही हलकेच आत दाबून माप घ्या, मग हलकेच बाहेर ओढून घ्या, आणि दोन्हींचा मध्य धरा. व्हर्निअरची आतली चोच एवढ्या अंतराला पोचत नसेल तर स्टडवर दोन नट लावून तो मधे अडकेपर्यंत उघडा आणि मग बाहेर काढून स्टडची लांबी मोजा. जुनी युक्ती आहे, पण शतांशापर्यंत साथ देते.

दुसरं माप चाकाचं. एका बेअरिंगच्या आतल्या कड्यापासून दुसऱ्या बेअरिंगच्या आतल्या कड्यापर्यंत, त्यात दोन्ही स्पेसर आणि असेल तर स्पीडोमीटरचा ड्राइव्ह मिळवायचा. सगळं एक्सलवर चढवून हलकं घट्ट करून एकदम मोजलं तर जास्त बरं.

समजा तंगड्यांमधलं अंतर ११८.४ मिमी आलं आणि चाकाची सगळी रास ११६.९ मिमी. दीड मिमी कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आतली मोकळीक बघा. पाइप आणि बुश यांच्यात ०.१ मिमी मोकळीक आहे आणि बुशचे दोन्ही टेके १५० मिमी अंतरावर आहेत असं धरलं, तर ५०० मिमी खाली एक्सलपाशी ती मोकळीक ०.३ मिमीच्या आसपास भरते. एका बाजूला तेवढंच माफ आहे. आपण प्रत्येक तंगडीकडून ०.७५ मागतोय. उरलेलं सीलच्या अंगावर.

हे दीड मिमी कुठे वाढवायचे? आधी डिस्क बघा. कॅलिपरच्या ब्रॅकेटच्या मधोमध डिस्क येत असेल तर त्या बाजूला हात लावू नका, सगळी वाढ पलीकडच्या स्पेसरवर घ्या. मग मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी दोरी लावून पुढचं चाक मधे येतंय का बघा. डिस्कही मधे आणि चाकही मधे असं दोन्ही जमलं नाही तर हब त्या शॉकअपचा नाही, आणि कितीही स्पेसर कातले तरी तो होणार नाही. ३७ च्या सेटचं चाक शोधा. महाग वाटतं, पण तोवर सीलवर आणि लेथवर गेलेला पैसा मोजलेला नसतो.

स्पेसर एकसंध कातून घ्या, लोखंडाचा. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर आणि आतल्या भोकाला काटकोनात पाहिजेत, हे लेथवाल्याला स्पष्ट सांगा. नाहीतर पाइप करवतीनं कापून हातग्राइंडरनं टोक घासून मिळतं. तिरक्या तोंडाचा स्पेसर नट घट्ट होताना एक्सललाच वाकवतो. कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला हे काम चहा पिऊन होईपर्यंत होतं. तुम्ही जुना स्पेसर नमुना म्हणून न देता कागदावर माप लिहून द्यायला हवं, एवढंच.

एक्सलची जाडी वेगळी निघाली तर तिथे जपा. १२ चं एक्सल आणि १५ चं भोक अशी जोडी आली की लोक मधे पातळ बुश घालतात किंवा बेअरिंग बदलायला बघतात. ६३०१ नंबरचं बेअरिंग १२ च्या भोकाचं, बाहेरून ३७ मिमीचं. १५ च्या भोकाची सरसकट मिळणारी म्हणजे ६२०२, ती बाहेरून ३५, आणि ६३०२, ती ४२. ६३०१ च्या घरात यातलं कुठलंच नीट बसत नाही. ‘जरा टाइट करून बसवतो’ म्हणजे हब फोडणं, आणि ‘पत्रा घालून बसवतो’ म्हणजे बेअरिंग हबमध्ये फिरायला लागणं. हबमधला मधला पाइप, म्हणजे दोन बेअरिंगांच्या मधे असतो तो, तोही विसरू नका. तो आखूड असेल तर नट आवळताच बेअरिंग आडवी दाबली जातात आणि चाक जड फिरतं.

मगच सील

इथवर सगळं सरळ झालं की सीलला हात घाला. आधी एक फुकटचा प्रयोग. डस्ट कव्हर वर सरकवा आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी, टोक गोलसर कापून, पाइप आणि सील यांच्या मधून घालून गोल फिरवा. सीलच्या ओठाखाली अडकलेली बारीक माती बाहेर येते. नुसत्या मातीनं गळत असेल तर एवढ्यानंच थांबतं.

नाही थांबलं तर उघडावं लागेल. पाइपचा जो भाग सीलमधून वर-खाली जातो तिथे नखाचं टोक फिरवा. नख अडकलं तर खड्डा आहे. एखादा अगदी बारीक असेल तर २००० नंबरच्या पाणपेपरनं त्याची धार मोडून चालून जातं. ठिपक्यांची रांगच असेल तर नाही. पाइपला परत हार्ड क्रोम करून ग्राइंड करून मिळतं, पण माप जसंच्या तसं परत यायला हवं. माप चुकलं तर सील एक तर घासतं किंवा गळतं. पुरातल्या गाड्यांचे शॉकअप घेताना विशेष बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. असला पाइप वरून पॉलिश मारून चकाचक दिसतो आणि नेमका टी च्या आत किंवा डस्ट कव्हरखाली कुजलेला असतो. पाइप सरळ आहे का हे काचेवर किंवा दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून बघा. ०.२ मिमीच्या वर डोलला तर सरळ करायच्या भानगडीत न पडता बदला.

सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. पहिले दोन जुळून जाडी कमी असलेलं सील दुकानात मजेत खपवलं जातं. ते बसतंही, पण वरची क्लिप आणि सील यांच्यात फट राहते आणि सील वर-खाली सरकत राहतं. जुनं सील काढताना स्क्रूड्रायव्हरनं बॉटमच्या आत चरा पडला तर नवं सील बाहेरच्या बाजूनं गळेल, आणि तुम्ही पाइपकडे बघत बसाल. नवं घालताना पाइपच्या वरच्या धारेवर दुधाच्या पिशवीचा तुकडा ताणून धरा, त्यावर तेल लावून सील सरकवा. ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेच्या मापाचा पीव्हीसी पाइप घ्या, आणि चारी बाजूंनी सारखं ठोका.

तेल मात्र मापातच. ‘जरा जास्त टाकलं की शॉकअप कडक होतो’ हे खरं आहे, कारण वरची हवेची जागा कमी होते आणि शेवटच्या दाबात हवेचा दाब चढतो. तोच दाब सीलवर येतो. दोन्ही बाजूंना स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून, पाइपच्या वरच्या कडेपासून तेलाच्या पातळीपर्यंतचं अंतर मोजा आणि दोन्हीकडे सारखं ठेवा. ओतलेल्या मिलीलिटरवर विसंबू नका, कारण आधीचं थोडं तेल आत राहिलेलंच असतं. माप ज्या गाडीचा शॉकअप आहे तिचं घ्या, १५० चं नाही.

घट्ट करण्याचा क्रम

टी चे आणि प्लेटचे बोल्ट आधी. एक्सल, चाक आणि स्पेसर घालून नट नुसता टेकवा. मडगार्ड सैल. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि ब्रेक न धरता हँडलवर जोर देऊन शॉकअप काही वेळा पूर्ण दाबा. तंगड्या आपापली जागा घेतात. मग एक्सलचा नट पूर्ण. बॉटमला एक्सल आवळणारा पिंच बोल्ट असेल तर नटानंतर परत एकदा शॉकअप दाबून मग तो बोल्ट. मडगार्ड सगळ्यात शेवटी. गॅरेजमध्ये नेमका उलटा क्रम चालतो. मडगार्ड लावलेलं असतंच, चाक घुसवायचं, पान्यानं आवळायचं, पुढची गाडी घ्यायची.

काम झालं की पाइपभोवती एक केबल टाय बांधा, डस्ट कव्हरला टेकवून. गाडी सरळ धरायला एक माणूस. पुढून दाबा आणि अगदी सावकाश सोडा, ती जिथे थांबेल तिथे बॉटमपासून वरपर्यंतचं अंतर मोजा. मग पुढून उचला आणि सावकाश सोडा, परत मोजा. दोन्ही मापांत फरक थोडा राहणारच, सीलचं घर्षण असतं. पण १५ मिमीच्या वर फरक आला तर अजून कुठेतरी अडकतंय. परत मडगार्डपासून सुरुवात. केबल टाय तसाच राहू द्या. गाडी चालवून आल्यावर शॉकअप किती दबला तेही तो सांगतो.

बाकीच्या तक्रारी, पटकन

हँडल वेगात फडफडतं किंवा वळताना गाडी स्वतःहून आत पडते. इथे दोन गोष्टी बघायच्या, शॉकअपची लांबी आणि टी चा ऑफसेट, म्हणजे स्टेमचा (टी च्या फ्रेममध्ये फिरणाऱ्या दांड्याचा) मध्य आणि पाइपचा मध्य यातलं अंतर. उदाहरणापुरते आकडे घ्या. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, स्टेमचा कल २६ अंश, ऑफसेट ४५ मिमी. ट्रेल, म्हणजे स्टेमची रेघ जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, साधारण ९६ मिमी येते. ऑफसेट ५५ केला की ८५. ऑफसेट तोच ठेवून शॉकअप २५ मिमी आखूड लावला की पुढचा भाग खाली बसून कल जवळपास एक अंशानं कमी होतो आणि ट्रेल ९० वर येते. दोन्ही एकदम झालं तर हँडल हलकं लागून अस्वस्थ होणारच. पाइप टी मधून वर काढून ‘लूक’साठी गाडी पुढून खाली बसवणारे हे सगळं स्वतःहून ओढवून घेतात.

ब्रेकचं लिव्हर खोल जातं, तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा) आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी तेल ढकलणारा) वेगवेगळ्या गाड्यांचे आहेत का बघा. मोठ्या पिस्टनच्या कॅलिपरला लहान मास्टर सिलिंडर तेल पुरवता पुरवता थकतो. जोडी बदला. २४० च्या डिस्कवर २६० चं ब्रॅकेट लावलं असेल तर पॅड १० मिमी बाहेर बसतो आणि डिस्कच्या कडेबाहेर लोंबतो. हे दिसूनही लोक चालवतात.

स्प्रिंग काढून शॉकअप पूर्ण दाबा आणि बघा टायर, मडगार्ड किंवा हॉर्न कशाला लागतोय का. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. जाड पाइप किंवा क्लिप-ऑन हँडलचा (पाइपलाच आवळून बसणाऱ्या) क्लॅम्प टाकीला टेकत असेल तर हँडल अडवणारा स्टॉपर वाढवून घ्यावा लागेल. केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, तेही त्याच वेळी. हँडल लॉक लागतंय का बघा, नाहीतर गाडी बाहेर लावताना आठवण येते.

एबीएसची गाडी असेल तर पुढच्या चाकावरची दातेरी रिंग आणि सेन्सर मूळ मापाचेच हवेत. दात्यांची संख्या आणि फट बदलली की मीटरवर दिवा लागतो आणि एबीएस बंद पडतं. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन आहे, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर पुढचा सेट बघतोच. करायचं तर हे माहीत असू द्या.

नवीन टी बसवताना कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग आणि त्यांच्या वाट्या, म्हणजे कप) नवा घातला असेल तर तो पहिल्या काही शे किलोमीटरात बसतो आणि सैल पडतो. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवली की हाताला बारीक ‘टक्’ जाणवतो. बोट टी आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवून हे करा, म्हणजे आवाज कोनचा की बुशचा ते कळेल. कोनचा असेल तर वरची प्लेट सैल करून कडीचा नट थोडा थोडा आवळा. चाक अधांतरी ठेवून हँडल मधून हलकं ढकललं की स्वतःच्या वजनानं दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे. मधे कुठे अडकत असेल तर जास्त आवळलंय, किंवा कपावर खड्डे पडलेत. प्लेट परत घट्ट केल्यावर हीच तपासणी पुन्हा करा, कारण प्लेट आवळताना कोनचं ताणही बदलतं.